कुटुंबे दत्तक, शासन नामानिराळे

आजचे तरुण डॉक्टर खेड्यात जायला तयार नसतात, ही तक्रार महाराष्ट्राला नवीन नाही. वैद्यकीय महाविद्यालयाचा पदवीदान समारंभ असो, जिल्हा रुग्णालयाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन असो की विधिमंडळात आरोग्य खात्याच्या मागण्यांवरील चर्चा असो. कोणी तरी मंत्री उठतो, सेवाभावाचे गोडवे गातो, जनतेच्या पैशावर शिकलेल्या तरुणांना कृतघ्न ठरवतो आणि टाळ्या घेऊन खाली बसतो. टाळ्या वाजवणाऱ्यांत समाजवादी चळवळीतले कार्यकर्तेही असतात. दवाखान्यापर्यंत पायपीट करून कुलूप पाहून परतलेल्या माणसाच्या मनात डॉक्टरविषयी चीड असणे स्वाभाविकच आहे. परंतु चीड योग्य ठिकाणी पोचली पाहिजे. ज्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते तो बावीस-तेवीस वर्षांचा विद्यार्थी या गुन्ह्यातला मुख्य आरोपी नव्हे. फार तर तो गुन्ह्यातला मुद्देमाल आहे. खरा आरोपी व्यासपीठावर, हार गळ्यात घालून बसलेला असतो.

हे विधान पटण्यासाठी भाषणे बाजूला ठेवून विद्यार्थ्याच्या शिक्षणक्रमाकडे पाहावे लागेल.

बारा आठवड्यांचा देखावा

एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षे संपली की एक वर्षाची सक्तीची आंतरवासिता येते. २०२१ च्या नियमांनुसार तिच्या बावन्न आठवड्यांपैकी बारा आठवडे समाजवैद्यकाला दिलेले आहेत. त्यांतील बराच काळ ग्रामीण किंवा नागरी आरोग्य केंद्रात काढायचा असतो. पाश्चात्त्य देशांत ज्याला 'फॅमिली मेडिसिन'ची फेरी म्हणतात, तिचा इथला अवतार हाच. खाटेवर निजलेल्या यकृताशी वा मूत्रपिंडाशी ज्याची ओळख झाली आहे, त्या भावी डॉक्टराची घरादारासकट येणाऱ्या माणसाशी भेट होण्याची ही सर्वांत मोठी संधी.

ही संधी प्रत्यक्षात कशी जाते? एखाद्या शासकीय महाविद्यालयातील आंतरवासी डॉक्टराचा दिवस डोळ्यांपुढे आणावा. सकाळी वसतिगृहावरून महाविद्यालयाची गाडी किंवा एस.टी. पकडून तो प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचतो. व्हरांड्यात साठ-सत्तर माणसे केसपेपर हातात धरून बसलेली असतात. वैद्यकीय अधिकारी आढावा बैठकीला गेलेले, किंवा त्या बैठकीसाठी लागणारे तक्ते भरण्यात गुंतलेले. बाह्यरुग्ण विभाग आंतरवासींच्या हवाली होतो. एकेका रुग्णाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटे येतात. तेवढ्या वेळात खोकला, अंगदुखी, चक्कर, खाज, हातापायांची आग यांची नोंद केसपेपरवर होते आणि तिच्यापुढे साठ्यात असतील त्या गोळ्यांची नावे लिहिली जातात.

सत्तरीची एखादी म्हातारी चक्कर येते म्हणून आलेली असते. रक्तदाब मोजला जातो. तो भलताच चढलेला निघतो. तिला आठवड्याच्या गोळ्या मिळतात आणि पुढच्या मंगळवारी येण्यास सांगितले जाते. पुढच्या मंगळवारी ती कदाचित येईलही. पण तोवर हा आंतरवासी दुसऱ्या केंद्रावर किंवा दुसऱ्या विभागात गेलेला असेल. नवा आंतरवासी नव्या केसपेपरवर पुन्हा 'चक्कर' एवढेच लिहील. म्हातारी गोळ्या घेते का, घेत नसेल तर का घेत नाही, तिला केंद्रात आणण्यासाठी सुनेला आपली मजुरी बुडवावी लागते का, घरात कोरड्यास म्हणून खारट ठेचाच तेवढा असतो का, या प्रश्नांची उत्तरे कोणालाच ठाऊक होत नाहीत. कुटुंबवैद्यकाचा गाभा तर नेमका याच प्रश्नांत आहे. तोच डॉक्टर, तेच घर, तीच माणसे, वर्षानुवर्षे. सातत्य हा ज्या शास्त्राचा प्राण, ते शास्त्र शिकवण्यासाठी माणसे सतत बदलत ठेवणारी पाळी लावायची, हा पोहणे शिकवण्यासाठी विहिरीचे चित्र दाखवण्याचाच प्रकार होय.

शिवाय तेथे त्याला शिकवतो कोण? शल्यक्रिया विभागात प्राध्यापक असतो, रोजची फेरी असते, चूक झाली तर खडसावणारा असतो. आरोग्य केंद्रात बहुधा हजेरीपट असतो. खरे शिकवू शकेल अशी एक व्यक्ती गावात असते. ती म्हणजे 'आशा'. कोणत्या घरात बाळंतीण आहे, कोणाच्या घरी क्षयाच्या गोळ्या मध्येच बंद झाल्या, कोणती सून माहेरी निघून गेली आणि का, हे तिला तोंडपाठ असते. कुटुंबवैद्यकाची अर्धी विद्या तिच्यापाशी आहे. पण शासनाच्या लेखी ती कर्मचारीसुद्धा नव्हे, 'स्वयंसेविका' आहे. मानधनासाठी तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२४ मध्ये संपावर जावे लागले. जी व्यवस्था या बाईला कामगार मानायला तयार नाही, ती तिला गुरू म्हणून विद्यार्थ्यापुढे कशी उभी करणार?

दुपारचा अभ्यास

दुपारी बाह्यरुग्ण विभाग ओसरतो. आंतरवासी कोपऱ्यातली खुर्ची ओढतो आणि मोबाइलवर प्रश्नसंच उघडतो. चार पर्यायांपैकी एक योग्य पर्याय निवडा. पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा तोंडावर आलेली असते. २०२४ मध्ये या परीक्षेला देशभरातून दोन लाखांहून अधिक डॉक्टर बसले. ज्यांना हवी ती शाखा मिळाली नाही त्यांतील अनेक जण पुढल्या वर्षी पुन्हा बसतात, आणि त्याच्या पुढल्या वर्षीही. म्हातारीच्या घरी मीठ किती पडते हा प्रश्न त्या परीक्षेत येत नाही. ज्यातून गुण मिळत नाहीत ते विद्यार्थ्याने शिकू नये, असे कोणी त्याला उघडपणे सांगत नाही. संपूर्ण व्यवस्थाच ते त्याच्या कानात रोज सांगत असते.

त्याला आळशी किंवा स्वार्थी म्हणणे सोपे आहे. पण त्याने काय करावे, याचे उत्तर उपदेशकांपाशी आहे काय? नुसता एम.बी.बी.एस. राहिलेला डॉक्टर या समाजात 'अर्धवट' समजला जातो. लग्नाच्या बाजारात, औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींच्या वहीत आणि खुद्द रुग्णांच्याही मनात. शहरातील खासगी रुग्णालयात तो रात्रपाळीचा स्वस्त मजूर असतो. सरकारी सेवेत गेला तर बऱ्याचदा कंत्राटी नेमणूक, मुदतवाढीच्या आदेशाची वाट पाहणे आणि थकलेला पगार. महाराष्ट्रातील आंतरवासींना वर्षानुवर्षे महिना अकरा हजार रुपये विद्यावेतन मिळत होते. ते अठरा हजार होण्यासाठी २०२४ उजाडावे लागले. सेवाभावाची किंमत शासनाच्या दप्तरात काय आहे, हे या आकड्यांवरून विद्यार्थ्याला नीट कळते.

पदव्युत्तर शिक्षणाचीही गंमत पाहावी. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने या परीक्षेची पात्रता शून्य पर्सेंटाइलपर्यंत खाली आणली, कारण जागा रिकाम्या राहत होत्या. रिकाम्या कोणत्या? मुख्यतः ज्यांच्या पदवीवर दवाखान्याची पाटी लावून पैसा मिळत नाही त्या विषयांच्या. त्वचाविकार, क्ष-किरण यांसारख्या शाखांसाठी झुंबड आणि शरीररचनाशास्त्र वा जीवरसायन शिकवणाऱ्यांचा दुष्काळ! गुणवत्तेच्या नावाने चालणारी ही शर्यत वास्तविक बाजाराची शर्यत आहे.

या शर्यतीत कुटुंबवैद्यकाचे स्थान कोठे आहे? २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात कुटुंबवैद्यकाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना उत्तेजन देण्याचे कलम आहे. परंतु त्याच आयोगाने २०२३ मध्ये पदवी महाविद्यालयांसाठी जे किमान निकष ठरवले, त्यांतील अनिवार्य विभागांच्या यादीत कुटुंबवैद्यकाला जागा मिळाली नाही. कायद्यात ज्याचा उदो उदो, महाविद्यालयात त्याला खोली नाही, खुर्ची नाही, प्राध्यापक नाही! विद्यार्थ्याने साडेपाच वर्षांत एकही कुटुंबवैद्यकाचा शिक्षक पाहिलेला नसतो, आणि तरीही त्याने कुटुंबाचा डॉक्टर व्हावे अशी अपेक्षा केली जाते.

दत्तक कोणी कोणाला घ्यायचे?

या उणिवेवर आयोगाने २०२२ पासून एक तोडगा काढला. त्याचे नाव 'कुटुंब दत्तक योजना'. पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने खेड्यातील तीन ते पाच कुटुंबे दत्तक घ्यायची, त्यांच्या घरी ठरावीक भेटी द्यायच्या, रक्तदाब-साखर पाहायची, नोंदवही भरायची. पदवीच्या सर्व टप्प्यांतील या भेटींचे तास एकत्र केले तरी शंभर भरत नाहीत.

कल्पना मुळात वाईट नाही. महाराष्ट्रातच तिचा उगम सांगता येतो. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सेवाग्रामला १९६९ मध्ये जे वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेथील प्रत्येक तुकडी एक गाव घेते आणि विद्यार्थी त्या गावात मुक्काम करून कुटुंबांशी नाते जोडतात. पण सेवाग्रामच्या प्रयोगामागे महाविद्यालयाची जन्मकथा होती, शिक्षकांचा गावाशी संबंध होता आणि मागे दाखल करून घेणारे रुग्णालय होते. आयोगाने त्यातला देह उचलला आणि प्राण तेथेच ठेवला.

खरा आक्षेप त्या 'दत्तक' शब्दाला आहे. दत्तक घेणारा समर्थ असावा लागतो; ज्याला घ्यायचे तो निराधार असतो. अठरा-एकोणीस वर्षांचा, औषध लिहून देण्याचा अधिकार नसलेला, स्वतःच रॅगिंग आणि नापास होण्याच्या धास्तीत जगणारा विद्यार्थी येथे पालक ठरला आणि स्वतःच्या घामावर उभे असलेले शेतमजुराचे कुटुंब अनाथ ठरले. विद्यार्थ्याने मधुमेह शोधून काढला, पण उपकेंद्रात गोळ्या नाहीत. मुलाचे कुपोषण नोंदवले, पण शिधापत्रिकेवर धान्य नाही. मग त्या नोंदवहीचे पुढे काय होते? ती महाविद्यालयाच्या तपासणीच्या दिवशी टेबलावर मांडली जाते. त्या कुटुंबाच्या वाट्याला अनेक वर्षे अनेक हातांनी घेतलेला रक्तदाब येतो. जी जबाबदारी राज्यसंस्थेची होती ती एका पोराच्या खांद्यावर टाकून शासन नामानिराळे झाले. योजनेची खरी फलश्रुती हीच आहे.

एकाच शब्दाचे दोन अर्थ

हे अज्ञानातून घडले, असे म्हणायला जागा नाही. दुसरे महायुद्ध चालू असताना नेमलेल्या भोर समितीने १९४६ च्या अहवालात समाजाशी बांधील असा पायाभूत डॉक्टर घडवण्याची कल्पना मांडली आणि प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे प्रशिक्षण सुचवले. १९७५ मध्ये श्रीवास्तव समितीने वैद्यकीय शिक्षण देशाच्या गरजांपासून तुटलेले असल्याचे पुन्हा सांगितले. १९७७ मध्ये प्रत्येक महाविद्यालयाने तीन प्राथमिक आरोग्य केंद्रांची जबाबदारी घ्यावी अशी योजना आली, फिरत्या दवाखान्यांच्या गाड्याही आल्या. १९७८ मध्ये आल्मा-आता येथे जगातील सरकारांनी प्राथमिक आरोग्यसेवेची शपथ घेतली. त्यात भारतही होता. १९४६ मधील तीन महिने आणि २०२१ मधील बारा आठवडे! पंचाहत्तर वर्षांत शासन जेथून निघाले तेथेच येऊन पोचले आहे.

कारण दुसऱ्या बाजूने वेगळेच धोरण पुढे सरकत होते. १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदान व्यावसायिक महाविद्यालयांची दारे सताड उघडली गेली आणि सहकारातून सत्तेवर आलेल्या मंडळींना कारखान्याइतकेच किफायतशीर असे नवे साधन सापडले. लूट इतकी उघडी झाली की १९८७ मध्ये कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा करावा लागला. पुढे नाव बदलले, पावती मिळू लागली, रक्कम वाढत गेली. आज खासगी महाविद्यालयांत वर्षाला दहा-पंधरा लाख रुपये आणि त्याहूनही अधिक शुल्क आकारले जाते. २०१४ मध्ये देशात एम.बी.बी.एस.च्या सुमारे ५१ हजार जागा होत्या. दहा वर्षांत त्या एक लाखापलीकडे गेल्या, आणि या वाढीत खासगी महाविद्यालयांचाही मोठा वाटा आहे. जमीन विकून किंवा कर्ज काढून ज्याच्या बापाने ही रक्कम भरली, तो मुलगा खेड्यात बसून म्हातारीचा रक्तदाब मोजील, ही अपेक्षा ज्यांनी शुल्क घेतले त्यांनीच करावी यासारखा ढोंगीपणा नाही.

या ठिकाणी एका शब्दाची आठवण करून देणे आवश्यक आहे. ब्रिटनमध्ये मजूर पक्षाच्या सरकारने ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली, तेव्हा कुटुंबाच्या डॉक्टराला त्याच्या यादीत नोंदलेल्या माणसांमागे, दरडोई, सरकारकडून मोबदला मिळू लागला. माणूस आजारी पडला तर डॉक्टराला अधिक पैसे, अशी ती रचना नव्हती. या दरडोई मोबदल्याला इंग्रजीत 'कॅपिटेशन' म्हणतात. तेथे कॅपिटेशन म्हणजे समाजाने डॉक्टराला द्यायचा मोबदला; महाराष्ट्रात कॅपिटेशन म्हणजे डॉक्टर होण्यासाठी बापाने संस्थाचालकाला द्यायची खंडणी. दोन समाजव्यवस्थांमधला सगळा फरक या एका शब्दात उतरला आहे. पहिल्या कॅपिटेशनने गावागावात डॉक्टर बसवला, दुसऱ्याने तो उठवला.

खेड्यातील सक्तीच्या सेवेचेही तेच झाले. शासकीय महाविद्यालयातील पदवीधराने एक वर्ष ग्रामीण सेवा करावी, नाही तर दहा लाख रुपये दंड भरावा, असा बंधपत्राचा नियम महाराष्ट्रात कित्येक वर्षे होता. म्हणजे ज्याच्यापाशी पैसा आहे त्याने दंड भरून मोकळे व्हावे आणि ज्याच्यापाशी नाही त्याने खेड्यात जावे. कर्तव्यालाही बाजारभाव लावणारी ही नीती विद्यार्थ्यांनी शोधून काढलेली नाही.

बीडची साक्ष

कुटुंबाचा डॉक्टर नसला म्हणून काय बिघडले, तज्ज्ञ तर आहेत, असे म्हणणाऱ्यांनी बीड जिल्ह्याकडे पाहावे. २०१९ मध्ये तेथील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न चव्हाट्यावर आला. शासनाने नेमलेल्या समितीपुढे जी पाहणी आली, तीत ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली होती. त्यांत ऐन तिशी-पस्तिशीतल्या बायकाही होत्या.

हे कसे घडते? नवरा-बायकोचा एक कोयता मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्याच्या पट्ट्यात जातो. पहाटेपासून वाकून तोडणी, डोक्यावर मोळी, पालाच्या झोपडीत पाणी नाही, संडास नाही. अंगावरून जाते, ओटीपोट दुखते. खाडा झाला तर पैसे कापले जातात. गावी परतल्यावर ती खासगी दवाखान्यात जाते. तेथे तपासणी होते, कर्करोगाचा धाक घातला जातो आणि 'पिशवी काढून टाका' असा सल्ला मिळतो. ऑपरेशनसाठी पुन्हा कर्ज, कर्ज फेडण्यासाठी पुन्हा उचल.

तिच्या दुखण्याचे बऱ्याचदा साध्या औषधाने भागले असते. तिला ओळखणारा, तिचे घर आणि काम माहीत असणारा, शस्त्रक्रिया केल्याने ज्याच्या खिशात काहीही पडत नाही असा एक डॉक्टर तिला पहिल्याच दिवशी भेटायला हवा होता. 'हे इन्फेक्शन आहे, गोळ्या घे, नवऱ्यालाही घ्यायला लाव, पंधरा दिवसांनी दाखव' एवढे वाक्य बोलणारे कोणी नव्हते म्हणून हजारो स्त्रियांनी शरीराचा एक अवयव गमावला. कुटुंबवैद्यकाचा विभाग नसणे म्हणजे काय, ते या बायकांना विचारावे. देशातील आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोक स्वतःच्या खिशातून भरतात, असे २०२१-२२ चे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. त्या टक्केवारीत या बायकांची उचलही मिसळलेली आहे.

दुसरी वाट आहे

हे अटळ आहे काय? साउथ वेल्समधील ग्लिनकॉरग या कोळसा खाणकामगारांच्या गावात ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाच्या समाजवादी डॉक्टराने १९६० च्या दशकापासून सुमारे तीन दशके दवाखाना चालवला. आजारी पडून येणाऱ्यांची वाट न पाहता त्याने गावातील प्रत्येक प्रौढ माणसाचा रक्तदाब मोजला, नोंदी ठेवल्या आणि वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. पंचवीस वर्षांच्या नोंदी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाल्या, तेव्हा शेजारच्या तशाच गावाच्या तुलनेत तेथील अकाली मृत्यू लक्षणीयरीत्या कमी असल्याचे दिसले. याच डॉक्टराने १९७१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये असा सिद्धांत मांडला की, ज्यांना वैद्यकीय सेवेची गरज सर्वाधिक त्यांनाच ती सर्वांत कमी मिळते, आणि जेथे बाजाराचे राज्य तेथे ही विषमता अधिक तीव्र होते. महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्यात उभे राहून हा सिद्धांत पडताळता येईल.

क्यूबाने १९८४ मध्ये कुटुंबाचा डॉक्टर आणि परिचारिका यांची योजना सुरू केली. साधारण १२० कुटुंबांमागे एक जोडी, आणि डॉक्टराचे बिऱ्हाड त्याच वस्तीत. विद्यार्थी तेथेच शिकतो, आणि बहुतेकांना इतर शाखेत जाण्यापूर्वी सर्वसाधारण वैद्यकाचे प्रशिक्षण पुरे करावे लागते. क्यूबातही सारे आलबेल नाही. अपुरे पगार, औषधांची टंचाई आणि परदेशी पाठवलेल्या डॉक्टरांमुळे मायदेशी जाणवणारी उणीव, हे सारे खरे आहे आणि ते झाकण्याचे कारण नाही. पण गरीब देशाला कुटुंबाचा डॉक्टर परवडत नाही, हा युक्तिवाद त्या बेटाने कायमचा खोटा ठरवला. बेट लहान आहे असे कोणी म्हणेल, तर ब्राझील लहान नाही. तेथे १९९४ पासून डॉक्टर, परिचारिका आणि वस्तीतील आरोग्यसेविका यांची पथके ठरावीक कुटुंबांसाठी नेमली गेली. भारतातही केरळने २०१७ पासून प्राथमिक केंद्रांचे कुटुंबारोग्य केंद्रांत रूपांतर सुरू केले, मनुष्यबळ वाढवले आणि बाह्यरुग्ण विभाग संध्याकाळपर्यंत चालू ठेवला. यांपैकी कोठेही विद्यार्थ्याला उपदेश करून काम भागलेले नाही. आधी जागा निर्माण केली, पगार दिला, शिक्षक दिला, मान दिला. मग विद्यार्थी आला.

येथे एका मोहापासून सावध राहायला हवे. 'पूर्वीचे फॅमिली डॉक्टर किती चांगले' असे म्हणत हळहळणारा एक मध्यमवर्ग आहे. बाटलीतले मिक्श्चर, बाटलीवर चिकटवलेली डोसाच्या खुणांची कागदी पट्टी आणि घरी येणारे डॉक्टरकाका, हे त्याचे स्मरणरंजन. त्या डॉक्टरांची माणुसकी नाकारायचे कारण नाही. गिरणगावातील कित्येकांनी संपाच्या काळात उधारीवर औषधे दिली असतील. पण ते डॉक्टरकाका दलित वस्तीत आणि पाड्यावर कितीसे पोचले? चळवळीची मागणी दयाळू व्यक्तींची नाही, हक्काच्या व्यवस्थेची आहे.

चळवळीचे काम

आरोग्याच्या प्रश्नावर मोर्चे निघतात, पण ते बहुधा रुग्णालयाच्या इमारतीसाठी, खाटांसाठी, यंत्रांसाठी. डॉक्टर कसा घडतो हा प्रश्न डॉक्टरांचा आहे असे समजून कार्यकर्ते त्याला हात लावत नाहीत, आणि डॉक्टरवर हात उगारणाऱ्या जमावाला आवरायलाही पुढे होत नाहीत. ही दोन्ही कर्तव्ये आता टाळता येणार नाहीत. आरोग्य केंद्रात एकट्या पडलेल्या आंतरवासीवर धावून जाणारा संतप्त बाप आणि तो आंतरवासी, दोघेही एकाच धोरणाचे बळी आहेत. त्यांना एकमेकांशी झुंजवणे हे सत्ताधाऱ्यांच्या सोयीचे आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात कुटुंबवैद्यकाचा स्वतंत्र विभाग अनिवार्य करावा. आंतरवासितेच्या बारा आठवड्यांत विद्यार्थी एकाच केंद्रावर, त्याच ठरावीक कुटुंबांबरोबर राहील आणि त्याच्यासोबत शिक्षक असेल, अशी सक्ती महाविद्यालयांवर असावी. त्याच्या निवासाची, विशेषतः मुलींच्या सुरक्षित निवासाची, सोय शासनाने करावी. आशांना कायम कर्मचाऱ्याचा दर्जा द्यावा आणि प्रशिक्षक म्हणून वेगळे मानधन द्यावे. आरोग्य केंद्रातील डॉक्टराची नेमणूक कायम असावी आणि कुटुंबवैद्यकातील पदव्युत्तर शिक्षण त्याला सेवेत राहूनच मिळावे. खासगी महाविद्यालयांच्या शुल्काला वेसण घालावी. यासाठी पैसा लागेल. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. ते वर्ष आले आणि गेले. वचन कागदावर राहिले. नवी मागणी करण्याआधी ही जुनी उधारी वसूल करायची आहे.

कार्यकर्त्यांनी यापुढे आपल्या भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे, तेव्हा औषधांच्या साठ्याबरोबर तेथील आंतरवासीचीही विचारपूस करावी. तो कोठे राहतो, काय खातो, त्याला कोण शिकवते, विद्यावेतन वेळेवर मिळते का, हे विचारावे. आशांच्या सभेला त्याला बोलवावे. ऊसतोड कामगारांच्या पालांवर त्याला घेऊन जावे. त्याच्या खिशातील मोबाइलवरचे प्रश्न चार पर्यायांचे असतात. पालावरच्या बाईच्या प्रश्नाला आजच्या व्यवस्थेने एकच पर्याय ठेवला आहे. दुसरा पर्याय निर्माण करण्याचे काम त्या विद्यार्थ्याने एकट्याने करायचे नाही. ते त्याच्यासह, त्या बाईसह आणि आशांसह करायचे आहे. आणि ते करताना मंत्र्यांच्या भाषणाला पुन्हा टाळ्या वाजवायच्या नाहीत.